कानबाईच्या रोटांची तारीख

बाळ या आठवड्यात रुटाबागाएवढं झालेलं आहे, असं मोबाईलमधल्या ॲपने जाहीर केलं आणि हर्षालीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचं काम थांबलं.

"हा रुटाबागा कोण?" मम्मीने, म्हणजे प्रमिलाबाईंनी, लाटणं हातात तसंच धरून विचारलं.

"कंदमूळ आहे कुठलंतरी. फॉरेनचं."

"मग ते फॉरेनच्या बाळाला. आपलं केवढं झालं ते सांग."

हर्षाली नववीत होती. डिसेंबरातल्या गॅदरिंगमध्ये तिने दीड तास सूत्रसंचालन केलं होतं. मधेच लाईट गेली, माईक बंद पडला, तरी ती थांबली नव्हती. शेवटच्या रांगेतल्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या होत्या आणि शाळेने तिला ट्रॉफी दिली होती. तेव्हापासून गॅदरिंग संपलं तरी हर्षालीचं सूत्रसंचालन काही संपलं नव्हतं. घरात गॅस संपला तरी ती आधी घसा साफ करायची आणि मग सांगायची. ताई, म्हणजे दिपमाला, पहिल्या बाळंतपणासाठी वरणगावहून धुळ्याला माहेरी आली, त्याच दिवशी हर्षालीने ठरवून टाकलं होतं की बाळ हातात येईपर्यंतचा सगळा कारभार आपण बघायचा. आणि हर्षालीने ठरवलं म्हणजे ठरवलं.

तिने जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घेतली, स्केचपेनने रकाने आखले आणि ॲपमधल्या परदेशी भाज्यांची हकालपट्टी केली. रुटाबागा गेला, तिथे भरताचं वांगं आलं. झुकिनी गेली, काकडी आली. कोबी होता तिथेच राहिला. शेवटच्या रकान्यात, जिथे बाळ जन्माला येणार होतं, तिथे तिने भलंमोठं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, काढलं आणि ते सगळं फ्रीजच्या दारावर चिकटवलं.

"माझं पोट आहे की भाजी मंडई?" दिपमाला म्हणाली.

"ताई, ॲपमध्ये मी अंदाजे महिना टाकलाय. तू फक्त नेमकी तारीख सांग. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. आमच्या सायन्सच्या मॅडमनी सांगितलंय."

दिपमाला खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्यांची पाण्याची टाकी होती. "ते आईंना माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ आहे."

आपल्या पाळीची तारीख सासूला पाठ कशी, हा प्रश्न हर्षालीला तेव्हाच पडायला हवा होता. पण ती रकाने रंगवण्यात गुंग होती. तिने सरळ फोन लावला. दिपमालाच्या सासूबाई भिकुबाई साक्रीजवळच्या गावात राहायच्या, आणि फोनवर इतक्या जोरात बोलायच्या की फोन नसता तरी धुळ्यात ऐकू आलं असतं.

"तारीख पक्की शे," भिकुबाई म्हणाल्या. "कानबाई बसनी त्या दिन दिपू बाजूले बठेल व्हती. बठ्ठा गावनी देखं. मी सोता तिले च्या नेई दिधा."

श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी गावात कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गहू मोजून दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात. ज्या बाईला अडचण असेल तिने त्या पिठाला हात लावायचा नाही, लांब बसायचं, असा तिथला दंडक. दिपमालाची लग्नानंतरची ती पहिलीच कानबाई, आणि नेमकी तेव्हाच ती लांब बसलेली. अख्ख्या भाऊबंदकीने हळहळ व्यक्त केली होती.

"माले एक डाव बी अडचण उनी नही," भिकुबाईंनी अभिमानाने पुढे सांगितलं. "लगीन व्हयनं तवयपासून. माय मन्हाच हातना रोट खास. जावा बिचाऱ्या, दरसाल कोनले ना कोनले व्हस." देवी फक्त आपल्याच हातचे रोट खाते, असा त्यांचा विश्वास होता.

हर्षालीने हिशोब केला. दहा मे. तिने गंगाफळावर लाल स्केचपेनने दहा मे लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिला घोळ फेब्रुवारीत झाला. भिकुबाईंनी पहिले पाच महिने पोटाला मशीन लावू दिलं नव्हतं. त्याने बाळाला नजर लागते असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे धुळ्यातल्या डॉक्टर मॅडमच्या हातात आधीचं काहीच नव्हतं. त्यांनी सोनोग्राफी केली, पडद्याकडे बघितलं, परत फाईलकडे बघितलं.

"बाळ छान आहे. पण तारखेच्या मानाने मागे वाटतंय. तारीख नक्की आहे ना?"

"पक्की शे," साक्रीहून पहिल्या एसटीने आलेल्या भिकुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कानबाईची सगळी हकिकत पुन्हा सांगितली, चहासकट. दिपमाला छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिली.

"मग लक्ष ठेवू या," मॅडम म्हणाल्या. "मशीन इतक्या उशिरा नेमकी तारीख सांगत नाही. तुमची तारीख बरोबर असेल, तर बाळाची वाढ कमी आहे."

वाढ कमी आहे, हे तीन शब्द ऐकून भिकुबाई साक्रीला परत गेल्या आणि चार दिवसांनी तुपाची बरणी, डिंकाचे लाडू आणि भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आल्या. प्रमिलाबाईंना हा आपल्या स्वयंपाकघराचा अपमान वाटला. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून शिरा सुरू केला. भिकुबाईंनी खीर सुरू केली. दोन विहिणींच्या मधे दिपमाला बसायची आणि दोन्ही बाजूंनी वाट्या यायच्या.

"विहीणबाई, घ्या ना तुम्हीपण एक लाडू," प्रमिलाबाई म्हणायच्या. "तुम्ही किती दमता."

"नही वो, पोरले राहू द्या. आठे कमी खायेल दिखस तिनी."

"इथे कमी?"

"मी तसं नही म्हनी राहिनी."

मार्चमध्ये दिपमाला इतकी गोल झाली की तिला खुर्चीतून उठवायला हर्षाली लागायची. बाळ मात्र पुन्हा मागेच निघालं.

"इतलं खाईसन बी पोर मांगेच कसं?" भिकुबाईंनी डॉक्टर मॅडमना जाब विचारला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "काही व्हई का वो मॅडम बाळले?"

घरी आल्यावर त्यांनी शेंगांचं पोतं पुढे ओढलं. दाराशी बसून शेंगा सोलत राहिल्या आणि सोललेले दाणे पुन्हा टरफलांतच टाकत राहिल्या. हर्षालीने ते बघितलं. इतके दिवस हा सगळा प्रकार तिला एखाद्या प्रोजेक्टसारखा वाटत होता. बाळाला खरंच काही होऊ शकतं, हे तिच्या रकान्यांत कुठेच नव्हतं.

ती फ्रीजसमोर उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं. फेब्रुवारीत मशीनने सांगितलेलं माप. मार्चमध्ये सांगितलेलं माप. मधल्या दिवसांत बाळ जेवढं वाढायला हवं होतं, तेवढं ते वाढलेलं होतं. चोख. पहिल्या वेळी जितकं मागे, दुसऱ्या वेळीही तितकंच मागे. म्हणजे बाळ मागे पडत नव्हतं. ते आपल्या वेळेवर चाललेलं होतं. त्याला भलत्याच गाडीचं वेळापत्रक लावलं होतं.

ताई एकटी सापडेपर्यंत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. गच्चीवर साडी अंथरून दिपमाला बिबड्या वाळत घालत होती. म्हणजे हर्षाली घालत होती आणि दिपमाला स्टुलावर बसून सूचना देत होती. ज्वारीच्या त्या पापड्यांवर ऊन तापलेलं होतं.

"ताई," हर्षाली म्हणाली, "कानबाईच्या दिवशी तुला खरंच अडचण आली होती?"

दिपमालाच्या हातातली बिबडी मोडली.

"हळू बोल."

"म्हणजे नव्हती आली."

"हर्षू, तू ती परात बघितली नाहीस. त्यात मी पाय पसरून झोपले असते. आणि पीठ. गोणीतून ओतत होते, ओतत होते, संपतच नव्हतं. सगळ्यांचे रोट नवीन सुनेने मळायचे म्हणे. मी सकाळी उठले, दारातून परात बघितली आणि तोंडातून निघून गेलं, आई, मला शिवू नका." दिपमालाने मोडलेल्या बिबडीचा तुकडा तोंडात टाकला. "एवढंच बोलले मी. बाकीचं सगळं त्यांनीच धरून घेतलं."

"मग तू केलंस काय तेवढे दिवस?"

"मागच्या खोलीत मालिकेचे राहिलेले भाग बघितले. सगळे. आई घटकाघटकाने दाराशी चहा ठेवून जायच्या. पोर दमनी व्हई, म्हणायच्या. शेवटी तो चहा पिताना मला लाज वाटायला लागली."

"आणि खरी तारीख?"

"पोळा झाल्यावर दोन दिवसांनी. तेव्हा मी वरणगावला क्वार्टरवर होते. कोणाला कळायचं कारणच नाही."

हर्षालीने मनातल्या मनात सात दिवस मिळवले, तीन महिने मागे गेली. महिनाअखेर. मे संपताना.

"मग सांगून टाक ना."

"काय सांगू? कानबाईसमोर खोटं बोलले म्हणून? बाळ मागे पडलंय ते त्याच्यामुळेच, असंच म्हणणार सगळे. आणि आई काय म्हणतील? त्यांचा जीव आहे गं माझ्यावर." दिपमालाचे डोळे भरले. "तूही कोणाला सांगायचं नाहीस. शपथ घे."

"घेतली."

"कशाची?"

"गॅदरिंगच्या ट्रॉफीची."

याच्यावर दुसरी शपथ नव्हती. पण बाळाला योग्य तारीख मिळालीच पाहिजे, हेही हर्षालीने तिथेच बिबड्यांच्या साक्षीने ठरवलं. घरात कोणाला कळू द्यायचं नाही, फक्त डॉक्टर मॅडमच्या कानावर घालायचं. डॉक्टरला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाने एकटी दवाखान्यात गेली.

काउंटरवरच्या बाईने चष्म्यावरून बघितलं. "पेशंट कुठंय?"

"पेशंट घरी आहे. मी बहीण. मला मॅडमना फक्त एक वाक्य सांगायचंय."

"मला सांग, मी सांगते."

हर्षालीने मागे बघितलं. बाकावरच्या सगळ्या बायकांनी पदराने वारा घ्यायचं थांबवलं होतं. "खासगी आहे," ती म्हणाली. "तारखेबद्दल. तातडीचं."

"पेशंटशिवाय मॅडम बोलत नाहीत. थांब, फाईलवरच्या नंबरला फोन करून सांगते. उद्या पेशंटला घेऊन या."

हर्षाली खूश होऊन घरी आली. उद्या ताईला आत पाठवायचं, दार लावायचं, काम फत्ते. फाईलवर नंबर कोणाचा आहे हे बघायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. पहिल्याच भेटीत भिकुबाईंनी तिथे स्वतःचा नंबर सांगून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत काळी-पिवळी जीप येऊन थांबली. आधी भिकुबाई उतरल्या. त्यांच्यामागून थोरल्या जाऊबाई धनीबाई, गुडघे धरत. त्यांच्यामागून धाकट्या जाऊबाई हेमलता, गॉगल लावून.

"दवाखानाना फोन उना," भिकुबाईंनी दारातूनच सांगितलं. "तारीखनं तातडीनं काम शे म्हने. डॉक्टरनीले मन्हा शब्दवर इश्वास नही. म्हनीसन साक्षीदार लई येल शे."

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने दिपमालाचा नवरा प्रेमराज बॅग घेऊन आला. वरणगावच्या फॅक्टरीत सुट्टी आधी सांगून ठेवावी लागते. त्याने हर्षालीच्या तक्त्याप्रमाणे दहा मेच्या आसपासची सांगून ठेवली होती आणि ती त्याला आजपासून मिळाली होती.

"सगळे एकदम?" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचं मोठं पातेलं काढलं.

दिपमालाने हर्षालीकडे बघितलं. त्या नजरेत ट्रॉफीचे तुकडे झालेले हर्षालीला स्पष्ट दिसले.

डॉक्टर मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. आत सहा बायका शिरल्या.

"एवढ्या सगळ्या कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"साक्षीले," भिकुबाई म्हणाल्या.

मॅडमनी दिपमालाला तपासलं, ठोके ऐकवले, मशीन लावलं आणि हात पुसत खुर्चीत बसल्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. "हे बघा, मी सरळ सांगते. तुमची तारीख आता चार दिवसांवर आली आहे. बाळाचं वजन अजून कमीच आहे. तारीख पक्की असेल, तर आत बाळाला पुरेसं मिळत नाहीये असं मला धरावं लागेल. मग वाट बघण्यात धोका आहे. सोमवारी ॲडमिट करा. कळा सुरू करू, नाहीच जमलं तर सिझर."

"आणि तारीख चुकीची असली तर?" हर्षालीने विचारलं.

"तर त्या बाळाला अजून तीन आठवडे आत हवेत आणि आपण त्याला उगाच ओढून बाहेर काढू. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारतेय. तारीख पक्की आहे?"

"पक्की," भिकुबाई म्हणाल्या.

"पक्की," धनीबाई म्हणाल्या. "मी तठेच व्हती."

"पक्कीच असणार," हेमलता म्हणाली आणि गॉगल केसांत सरकवला.

मॅडमनी पेन उचललं. सोमवार लिहायला त्यांनी सुरुवात केली. दिपमालाच्या ओठांवरचा रंग उडाला होता, पण ओठ काही उघडत नव्हते.

हर्षालीने मॅडमच्या पेनाकडे बघितलं. बोलावं तर शपथ मोडते. न बोलावं तर सोमवार उजाडतो. गॅदरिंगला लाईट गेली होती तेव्हा असंच झालं होतं, समोर सगळा अंधार आणि सगळे आपल्याकडे बघतायत. तेव्हा काय केलं होतं आपण? आपण काहीच नव्हतं केलं. फक्त पुढच्या कलाकाराला स्टेजवर बोलावलं होतं.

ती उभी राहिली आणि तिने घसा साफ केला.

"यानंतर," ती म्हणाली, "तारखेविषयी आपले विचार मांडण्यासाठी मी दिपमाला ताईंना विनंती करते."

पेन थांबलं. सगळ्या माना दिपमालाकडे वळल्या. प्रमिलाबाईंनी सवयीने टाळी वाजवायला हात उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

"कानबाईला मला अडचण नव्हती," दिपमाला म्हणाली. तिचा आवाज आधी इतकासाच निघाला, मग वाढला. "आई, मी खोटं बोलले. परात बघून घाबरले मी. खरी तारीख पोळ्यानंतरची आहे. मला काय बोलायचं ते बोला, पण बाळाला सोमवारी काढू नका."

भिकुबाई सुनेकडे बघत राहिल्या. बोलल्या त्या धनीबाई.

"कानबाईसमोर खोटं? आमना टाइमले असं नव्हतं बरं. आम्ही पहाटे उठीसन..."

हेमलताला खोकला आला. तो खोकला नव्हता हे पहिल्यांदा हर्षालीच्या लक्षात आलं.

"अक्का," हेमलता म्हणाली, "जाऊ द्या ना."

"काबरं जाऊ देऊ?"

"तर मग ऐका. माझ्या लग्नाच्या वर्षी, परात बाहेर यायच्या आधीच सांगून टाकायचं, एकदा कणीक भिजली की सुटका नाही, हे मला कोणी शिकवलं होतं?"

धनीबाईंचा हात गुडघ्यावर गेला. "ते येगळं व्हतं. मन्ही कंबर दुखे."

"कंबर दर श्रावणातच दुखायची?"

"आनि तू? तू किती साल मळी कणीक?"

"मी कुठं म्हणतेय मी मळली?"

दोघी एकदम गप्प झाल्या, कारण भिकुबाई बोटं मोजत होत्या. त्या सावकाश मोजत होत्या, ओठ हलवत. विहीर खणली ते साल. प्रेमराजना जनमनं साल. हेमानं लगीन व्हयनं ते साल. एकेका सालाला त्या जावांकडे बघायच्या आणि जावा भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे. मग त्यांनी आपले दोन्ही तळहात समोर धरले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "माय मन्हाच हातना रोट खास, ते..."

धनीबाईंनी पदर सारखा केला.

"तीस वरीस कणीक मी येकलीनीच मळी."

डॉक्टर मॅडमनी फाईल चेहऱ्यासमोर धरली. फाईल हलत होती.

भिकुबाई उठल्या आणि दिपमालाच्या खाटेपाशी गेल्या. हर्षाली आपोआप ताईच्या आणि त्यांच्या मधे सरकली.

"तो च्या," भिकुबाई म्हणाल्या.

"कुठला, आई?"

"मी दारमा ठी जाऊ तो. पेत व्हती का फेकत व्हती?"

"प्यायले आई. सगळा."

"कसा व्हता?"

"आलं घातलं होतं तुम्ही," दिपमाला म्हणाली आणि रडायला लागली.

"हां," भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने सुनेचे डोळे पुसले, जरा जोरातच. मग त्या मॅडमकडे वळल्या. "लिखा पोळानंतरनी तारीख. पोर मांगे नही शे ना मग?"

"नाही," मॅडम फाईलमागून म्हणाल्या. "अगदी वेळेवर आहे."

"मी म्हनतच व्हती."

बाहेर बाकावर प्रेमराज बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बाळाला अजून तीन आठवडे आहेत हे ऐकून त्याने बॅग खाली ठेवली. सुट्टी आता बदलून मिळणार नव्हती. ती सगळी त्याने सासुरवाडीच्या गच्चीवर बिबड्या राखण्यात आणि दोन विहिणींना लसूण सोलून देण्यात घालवली आणि तो वरणगावला परत गेला. तो गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी दिपमालाला कळा सुरू झाल्या. तारीख ना भिकुबाईंची होती, ना हर्षालीची, ना मशीनची. मुलीने स्वतःची वेगळीच निवडली होती आणि वजनही व्यवस्थित आणलं होतं. नर्सने तिला बाहेर आणलं तेव्हा हर्षालीने घाईघाईने तक्त्यातल्या गंगाफळाशी तिची तुलना केली.

"गंगाफळ कसानं," भिकुबाई म्हणाल्या. "रंग देख तिना. भरतनं वांगं शे मन्हं."

श्रावणात पुन्हा कानबाई आली. तीन महिन्यांची लेक घेऊन दिपमाला सासरी गेली, आणि तिला सोबत म्हणून हर्षालीही. परात हर्षालीने पहिल्यांदाच बघितली. ताई उगाच घाबरली नव्हती. परातीच्या एका बाजूला पदर खोचून दिपमाला, दुसऱ्या बाजूला घामाघूम हेमलता, आणि मधे पाटावर, गुडघे लांब करून, धनीबाई. यंदा भाऊबंदकीतल्या एकाही बाईला कसली म्हणजे कसली अडचण आली नव्हती. कोणाची हिंमतच झाली नव्हती.

"आईंना बोलाव गं," दिपमाला हाताने कपाळ पुसत म्हणाली. कपाळाला कणीक लागली. "पाणी किती घालायचं ते त्यांनाच कळतं."

भिकुबाई मागच्या खोलीत खाटेवर होत्या. मांडीवर नात झोपलेली, भिंतीला मोबाईल टेकवलेला आणि त्यात कुठलीतरी मालिका ऐन रंगात आलेली.

"मावशी, बोलावताहेत परातीपाशी."

"कशी येऊ? माले शिवू नका म्हना." भिकुबाईंनी मोबाईलवरची नजर काढली नाही. "पोरनी मन्हा लुगडावर मुती दिधं."

हर्षाली जवळ गेली. बाळाचा लंगोट मघाशी तिनेच बांधला होता. तिने लंगोटाला हात लावून बघितला. कोरडा ठणठणीत. लुगडंही.

तिने भिकुबाईंकडे बघितलं. भिकुबाईंनी मालिका थांबवली, तिच्याकडे बघितलं आणि नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

हर्षालीने घसा साफ केला. परातीपाशी सगळ्या जणी माना वर करून वाट बघत होत्या. ती दारात गेली, तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"मावशींना येता येत नाही," ती म्हणाली. "बाळाने घोळ केलाय."

मग ती चुलीपाशी गेली, तिने चहाचं आधण ठेवलं आणि आलं शोधायला लागली.